‘आमच्यातही हेच आहे’ म्हणण्यापूर्वी

प्रस्तावना

ख्रिस्ती विचाराचा विषय निघाला की मराठी माणसाच्या तोंडी दोन वाक्ये तयार असतात. एक, ‘हे परक्यांचे, साहेबाबरोबर आलेले.’ दुसरे, ‘त्यात नवीन काय, आमच्यातही हेच आहे.’ पहिले जरा कपाळाला आठी घालून म्हटले जाते, दुसरे मोठ्या उदार मनाने. परिणाम मात्र एकच होतो: पुस्तक मिटते आणि चहा येतो. ही दोन्ही वाक्ये थोडा वेळ बाजूला ठेवता आली तर पुढची पाने वाचण्यात अर्थ आहे, आणि ती बाजूला का ठेवावीत एवढेच मला या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

पुस्तकाची जुळवाजुळव बडोद्याच्या सुभानपुऱ्यात झाली. हाय टेन्शन रोडच्या आतल्या सोसायट्यांमध्ये राहणारी मराठी मंडळी दोन वाटांनी इथे आलेली आहेत. काही घरे गायकवाडी अमदानीपासूनची, जुन्या शहरातली जागा अपुरी पडली म्हणून इकडे सरकलेली. बाकीची रिफायनरी, खत कारखाना, औषध कारखाना यांच्या नोकऱ्यांमागे आलेली. या दुसऱ्या वाटेने अहमदनगर-जालन्याकडची काही ख्रिस्ती घरेही आली. त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी आणि आमच्यासारख्या बिगरख्रिस्ती शेजाऱ्यांनी मिळून रविवारी संध्याकाळी एकत्र वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता टिपणे झाली, टिपणांचे लेख झाले. मी ख्रिस्ती नाही. प्रस्तावना माझ्याकडे आली ती बहुधा म्हणूनच. घरच्या माणसाने घराचे वर्णन करण्यापेक्षा पाहुण्याने केलेले लोक जास्त विश्वासाने ऐकतात.

असा उद्योग बडोद्यात व्हावा यात नवल नाही. तिसऱ्या सयाजीरावांनी बडोदे कॉलेजात तुलनात्मक धर्माभ्यासाचे अध्यापन सुरू केले होते. आल्बन विजरी हे ब्रिटिश प्राध्यापक तो विषय शिकवीत, आणि १९२२ साली त्यांचा या विषयावरचा ग्रंथ गायकवाड ग्रंथमालेत निघाला. परधर्म समजून घेणे म्हणजे त्याला शरण जाणे नव्हे आणि त्याचा पाडाव करणेही नव्हे, ही समज या शहराला शंभर वर्षांपूर्वी होती. आज ‘ख्रिस्ती’ म्हटले की पुढचा शब्द ‘धर्मांतर’ हाच आठवतो. या पुस्तकाचा तो विषय नाही. ख्रिस्ती माणूस जगाकडे कसा पाहतो आणि तसा का पाहतो, इतकाच विषय आहे.

आधी पहिले वाक्य निकालात काढू, कारण ते काढणे सोपे आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला, मराठी शिकला, आणि १६१६ साली रायतूरच्या छापखान्यातून त्याचे ‘क्रिस्तपुराण’ बाहेर पडले. सुमारे अकरा हजार ओव्या. आदामापासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची सगळी कथा मराठी पुराणाच्या घाटात, छपाई मात्र रोमन लिपीत. तुकोबा तेव्हा लहान मूल होते आणि ईस्ट इंडिया कंपनीची स्थिर सत्ता हिंदुस्थानात अजून कुठेच नव्हती. साहेबाच्या राज्याआधी ख्रिस्तकथा मराठीत ओवीबद्ध होऊन गायली जात होती. मात्र या गोष्टीची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. गोव्याच्या साष्टी भागातली देवळे पोर्तुगिजांनी पाडली होती, १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले होते, आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांना त्यांची जुनी पुराणे बंद झाली होती. ती रिकामी जागा भरायला हे नवे पुराण लिहिले गेले. सुंदर ग्रंथ आणि दंडेली एकाच मातीतली. स्टीफन्सची ओवी वाचताना दोन्ही लक्षात ठेवलेले बरे.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटते. बाहेरून आलेल्यांपेक्षा इथलीच माणसे हा विचार मराठीत घासून-पुसून पाहू लागतात. बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले आणि तीन वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख मराठी कथेत आणले. नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. त्यातले डोंगरावरचे प्रवचन वाचून ते हलले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. या वाक्याचा उपयोग पुढे ‘म्हणजे दोन्ही एकच’ असे म्हणण्यासाठी फार झाला. पण पूल लागतो तो दोन काठ वेगळे असतात म्हणून. ती गोष्ट टिळकांना ठाऊक होती. एरवी त्यांनी आपले घर, नाते, नोकरी पणाला लावली नसती.

म्हणजे खरे कठीण वाक्य दुसरे. ‘आमच्यातही हेच आहे.’ भक्ती आमच्यात आहे, अवतार आहे, दया आहे, पापाची कबुली आहे, नामस्मरण आहे. सगळे खरे. वारकरी घरात वाढलेल्या माणसाला शुभवर्तमान वाचताना पदोपदी ओळखीचे चेहरे भेटतात. आणि माझे मत असे की जिथे सर्वांत जास्त ओळखीचे वाटते तिथेच सर्वांत मोठा चकवा आहे. पूर्ण अनोळखी गोष्ट माणूस सावधपणे वाचतो; ओळखीची वाटली की वाचतच नाही, आपलेच मनातले त्यात पाहतो.

ख्रिस्ती विश्वदृष्टीचा पाया सांगणारी पुस्तके बहुधा एक क्रम लावतात: देव, सृष्टी, मनुष्याचे पतन, तारण, अंतिम न्याय. याही पुस्तकात प्रकरणे तशीच आहेत. क्रम चुकीचा नाही. पण तो तसा वाचला की ख्रिस्ती धर्म एक दर्शन वाटू लागतो, सांख्य किंवा वेदान्तासारखे, एका तत्त्वातून दुसरे काढत नेलेले. प्रत्यक्षात त्याची बांधणी उलटी आहे. आधी एक घटना घडली असा दावा आहे. सगळी तत्त्वे त्या घटनेचा अर्थ लावता लावता आली.

कोणत्याही मराठी चर्चमध्ये रविवारी जाऊन मागे उभे राहा. उपासनेत सगळे उठून एक छोटा मतांगीकार म्हणतात. त्यात जगाचा उत्पन्नकर्ता देव आहे, येशू आहे, पवित्र आत्मा आहे. आणि येशूखेरीज हाडामांसाची फक्त दोन माणसे त्यात नावानिशी आहेत: त्याची आई मरीया, आणि पंतय पिलात. हा पिलात कोण, तर यहूदियाचा रोमन सुभेदार, इसवी सन २६ ते ३६ या काळात नेमणुकीवर असलेला एक मध्यम दर्जाचा अंमलदार. संत नाही, शिष्य नाही, उलट मृत्युदंडाचा हुकूम देणारा. जगभरचे ख्रिस्ती शतकानुशतके, दर आठवड्याला, आपल्या श्रद्धेचे सार म्हणताना या सरकारी माणसाचे नाव का घेतात? कारण त्या नावाने तारीख पडते. येशू कोण्या एका युगात, कोण्या एका लोकी झाला नाही. अमक्याच्या अमदानीत, अमक्या शहराबाहेर त्याला खिळ्यांनी ठोकून मारले, असे ते सांगत असतात. १९६१ साली कैसरिया येथील उत्खननात पिलाताचे नाव कोरलेला दगड सापडला. त्या दगडाने पुनरुत्थान सिद्ध झाले नाही, पण हा धर्म कोणत्या जातीचा दावा करतो ते त्या दगडावरून नीट कळते.

असा दावा करण्यात मोठा धोका आहे. तत्त्व खोटे ठरवता येत नाही, घटना ठरवता येते. पौलाने करिंथच्या मंडळीला इसवी सन ५५च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात हा धोका स्वतःच मांडून ठेवला आहे: ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. धर्मग्रंथात अशी कबुली मला दुसरीकडे क्वचितच भेटली. आपल्याकडे राम ऐतिहासिक होता की नाही यावर कितीही वाद होवो, रामनामाचा महिमा त्या वादावर टांगलेला नाही. निदान संतांनी तो तसा टांगला नाही. ख्रिस्ती माणसाने मात्र सगळे एका खुंटीवर अडकवले आहे. खुंटी निघाली तर भिंत मोकळी.

ही खुंटी ध्यानात आली की अवतार आणि ख्रिस्ताचे देहधारण यांतले अंतर आपोआप दिसते. अवतार पुनःपुन्हा होतात, दुष्टांचा संहार करतात, कार्य संपले की आपल्या धामी जातात. ख्रिस्ती कथेत देव एकदाच माणूस होतो. सुताराच्या घरात वाढतो, थकतो, रडतो, मित्रांकडून फसवला जातो, आणि शत्रूला मारण्याऐवजी शत्रूच्या हातून मरतो. शिवाय उठल्यावर तो देह टाकून देत नाही. जखमांच्या खुणांसकट तोच देह घेऊन भेटतो. देह ही वस्त्रासारखी बदलायची गोष्ट आहे असे शिकलेल्या मनाला हे पचायला जड जाते, आणि जावे. दुसऱ्या शतकातल्या ग्रीक विद्वानांनाही ते पचले नव्हते.

इथून मागे वळून सृष्टीकडे पाहायचे. ज्या जगात देव देह धारण करू शकतो ते जग आभास असणार नाही, बंदिखानाही असणार नाही. ख्रिस्ती मतानुसार देवाने जग शून्यातून, स्वतःच्या इच्छेने निर्माण केले. ते देवाचा अंश नाही, देवाची माया नाही. ते त्याच्याहून वेगळे आहे आणि चांगले आहे. या मुद्द्यावर सर्वांत कडवा वाद ज्याने घातला तो एक चित्पावन ब्राह्मण होता. काशीचे नीलकंठशास्त्री गोरे यांनी तरुणपणी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ मिशनऱ्यांच्या खंडनासाठी लिहिला. १८४८ साली तेच ख्रिस्ती झाले, नेहेम्या गोरे झाले, आणि पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनी सहा दर्शनांचे खंडन मांडले. एकाच माणसाने दोन्ही बाजूंचे वकीलपत्र घेतले, तेही दोन्ही वेळा मनापासून! त्यांच्या वेदान्तखंडनात मला उतावळेपणा दिसतो. शंकराचार्यांचा मायावाद इतक्या सहज निकालात निघत नाही. पण प्रश्न कुठे आहे ते त्यांनी अचूक हेरले. जग आणि देव वेगळे असतील तरच देवाने जगावर प्रेम करणे याला काही अर्थ राहतो. प्रेमाला दोघे लागतात.

आणि या सृष्टिविचारातून निघणारी सर्वांत व्यवहारी गोष्ट अशी की प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे. बायबलातल्या ‘उत्पत्ती’च्या पहिल्याच अध्यायात हे येते, कोणतीही जात, वंश, राजा, पुरोहित जन्माला येण्यापूर्वी. हे वाक्य कागदावर किती निरुपद्रवी दिसते! लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त ते स्वयंपाकघरात उतरताना पाहा. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक ज्या घरात बाजारातून आलेले जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत गेला होता, त्या घरची ही मुलगी. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ती त्याच्यापासून कित्येक वर्षे वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही तिने आपले खाणेपिणे निराळे ठेवले. तिला धर्मशास्त्र कोणी शिकवले नाही. एक दिवस विचार करता करता तिच्या ध्यानात आले की या जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या. आणि तिने कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. टिळकांसारख्या पंडिताला जे ग्रंथांतून समजले ते या बाईला पाण्याच्या भांड्यावरून समजले, आणि मला तिचे समजणे जास्त मोलाचे वाटते.

आता पापाकडे येऊ. आमच्या रविवारच्या बैठकीत याच प्रकरणावर सर्वांत जास्त खडाजंगी झाली. ‘पापी’ शब्द ऐकला की मराठी माणूस एकतर हसतो नाहीतर चिडतो. वास्तविक संतांनी स्वतःला काय काय म्हणवून घेतले आहे! पण तिथे आपण ते विनय म्हणून सोडून देतो. ख्रिस्ती विचारात पाप म्हणजे वाईट कृत्यांची यादी नव्हे. ज्याच्याकडे तोंड करून उभे राहायचे त्याच्याकडे पाठ फिरवलेली अवस्था. यादी असती तर कमी-जास्त करता आली असती, प्रायश्चित्ताने फेडता आली असती. अवस्था असल्यामुळे ती सगळ्यांची सारखी आहे. सज्जन आणि दुर्जन दोघेही त्याच रांगेत, आणि सज्जनाला तेच सहन होत नाही.

याच्याही पुढचा प्रश्न दुःखाचा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसताच शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? अगदी आपला प्रश्न. आपल्याकडे त्याला उत्तर तयार आहे: प्राक्तन, संचित, मागल्या जन्मीचे देणे. येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि हिशेबात न शिरता त्या माणसाच्या डोळ्यांना हात लावतो. ईयोबाच्या ग्रंथात तर दुःखाचा हिशेब मांडणाऱ्या मित्रांनाच देव खडसावतो. कर्मसिद्धान्ताची ताकद अशी की तो प्रत्येक दुःखाला कारण देतो. ख्रिस्ती विचार ते कारण देत नाही. त्याबदली तो देवालाच क्रुसावर नेऊन दुःख भोगायला लावतो. तर्कशुद्ध कोणते, असे विचाराल तर कर्मसिद्धान्त अधिक तर्कशुद्ध आहे, हे मान्य करायला हवे. पण मुलगा गेलेल्या आईसमोर बसून तो तर्क बोलून दाखवायची वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांना त्याची किंमतही ठाऊक असेल.

कृपेबद्दल सांगण्यापेक्षा एक गोष्टच सांगतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आहे. मालक पहाटे नाक्यावरून मजूर आणतो, दिवसाचा एक दिनार ठरवून. पुन्हा नऊ वाजता आणतो, दुपारी आणतो, तिसऱ्या प्रहरी आणतो, आणि शेवटी दिवस मावळायला तासभर उरला असताना उरलेल्यांनाही घेऊन जातो. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार. आपल्या गुजरातेतला कडिया नाका ज्याने पाहिला आहे त्याला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही: डबा आणि हत्यारे घेऊन उभी असलेली माणसे, धट्टेकट्टे आधी उचलले जातात, म्हातारे आणि अंगाने किरकोळ ते उन्हं चढेपर्यंत तिथेच. आमच्या बैठकीत एक निवृत्त कामगार पुढारी होते. ते उसळून म्हणाले, ‘काका, हा तर सरळ अन्याय आहे. आठ तासवाल्याला आणि एक तासवाल्याला एकच रोज? मी असतो तर दुसऱ्या दिवशी मळ्याला टाळे ठोकले असते.’ ज्यांना ते काका म्हणत होते ते आमचे ख्रिस्ती शेजारी, नगरकडचे. ते शांतपणे म्हणाले, ‘खरंय. पण शेवटच्या माणसाच्या घरीही चूल तेवढीच पेटवावी लागते ना?’ वाद मिटला नाही, आणि मिटवावा असे कोणाला वाटलेही नाही. दाखल्यातले पहाटेचे मजूर अशीच कुरकुर करतात. येशूने ती कुरकुर गोष्टीत मुद्दाम ठेवली आहे. कृपा ऐकून ज्याला राग आला नाही त्याला ती समजली नाही, असे माझे मत झाले आहे. पुण्य साठवता येते या कल्पनेलाच ती सुरुंग लावते, आणि आपला निम्मा धर्म त्या साठ्यावर चालतो. ख्रिस्ती लोकांचाही चालतो. न्यायाने तेही सांगितले पाहिजे.

त्रैक्याच्या प्रकरणावर मी फार लिहीत नाही. एक देव, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत, हे ज्याला सोपे वाटते त्याने ते नीट वाचलेले नसते. इसवी सन ३२५ मध्ये नायसिया येथे धर्मपरिषद भरली ती पुत्र पित्याच्या बरोबरीचा की त्याने निर्मिलेला, या भांडणावर. त्रिमूर्तीशी त्याची सांगड घालण्याचा मोह आवरावा, इतकेच म्हणतो. आणि वाचकाला धीर यावा म्हणून एक सांगतो: पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरही त्रैक्यावरून आणि ख्रिस्ताच्या देवत्वावरून त्या आपल्याला शिकवणाऱ्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. चर्चने सांगितले म्हणून मान्य, हे त्यांनी मुळीच ऐकले नाही. एका पुरोहितशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले ते दुसरीचे घालून घेण्यासाठी नाही, असा त्यांचा एकूण पवित्रा होता.

रमाबाईंचे नाव निघाले आहे तर थोडे थांबू, कारण ख्रिस्ती विश्वदृष्टी प्रत्यक्षात कशी चालते हे पाहायला त्यांच्याइतके जवळचे उदाहरण मराठीत नाही. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी पुराणे सांगत देशभर पायी हिंडली. दुष्काळात आई, वडील आणि बहीण उपासमारीने गेली. इंग्लंडात असताना फुलहॅम येथे ‘पतित’ समजल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले निवासस्थान त्यांनी पाहिले आणि थक्क झाल्या. ज्यांना आपल्याकडे उंबरठ्यावर उभे करत नाहीत त्यांची इथे सेवा का करतात, असे त्यांनी विचारले. उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची कथा वाचून दाखवण्यात आली. जातीने हलकी, पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटी पाणी भरायला येणारी बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. रमाबाईंच्या मनाचा कल तिथे ठरला.

पुढे १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले, ते पुण्याला गेले, १८९३ साली मुली ख्रिस्ती होत असल्याच्या आरोपावरून वादळ उठले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात पुण्याच्या सुधारकांना वाटलेली फसवणूक खोटी नव्हती आणि रमाबाईंची अडचणही खोटी नव्हती; शंभर वर्षांनंतर आपल्याला निवाडा देण्याची घाई नको. त्यानंतरचे केडगावचे मुक्तिसदन सर्वांना माहीत आहे. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, आणि छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९००मध्ये, गुजरातेतूनही. आम्हा बडोदेकरांच्या आसपासच्या गावांतल्या कितीतरी घरांची नावनिशाणी ज्या दुष्काळाने पुसली, त्यातून वाचलेल्या मुली पुणे जिल्ह्यातल्या केडगावात शिवण, विणकाम आणि छपाई शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले ते १९२२ साली मृत्यूच्या तोंडाशी पुरे झाले, आणि त्याचे खिळे मुक्तिसदनातल्या मुलींनीच जुळवले. देह चांगला आहे, प्रत्येक माणूस देवाचे प्रतिरूप आहे, मोल कमावलेल्या पुण्यावर ठरत नाही: वरची सगळी प्रकरणे केडगावच्या आवारात चालताना दिसतात.

दिसत नाहीत अशाही जागा आहेत. महाराष्ट्रात आणि गुजरातेत ख्रिस्ती झालेल्या पुष्कळ लोकांचे पूर्वज अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले. चर्चमध्ये आल्यावर जात गेली काय? लग्ने जमवताना पाहा, कबरस्ताने पाहा. उलट कायदा म्हणतो की ख्रिस्ती धर्मात जात नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचे हक्क मिळत नाहीत. गाव त्याला जुन्या नावाने हाक मारते, सरकार त्याला नव्या नावाने नाकारते. या पुस्तकात हा विषय दोन पानांत आटोपला आहे. तो दोन पानांचा नाही.

इतरही उणिवा आहेत. केरळच्या प्राचीन सिरियन परंपरेबद्दल जवळजवळ काही नाही, आणि तेही त्या परंपरेतली कितीतरी घरे आमच्याच परिसरात असताना. वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजावर स्वतंत्र प्रकरण हवे होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, इतका हा प्रवाह मराठीच्या मध्यावरून वाहतो आहे. विज्ञानावरचे प्रकरण मात्र चांगले उतरले आहे. कारखान्यांतल्या इंजिनिअर मंडळींनी सात दिवसांच्या सृष्टिकथेवर यथेच्छ तोंडसुख घेतले, तेव्हा सोळाशे वर्षांपूर्वी ऑगस्टीननेच ती कथा निसर्गशास्त्राचे पाठ्यपुस्तक म्हणून वाचू नका, लोक हसतील, असे बजावले होते हे कळल्यावर त्यांची थोडी पंचाईत झाली. अंतिम न्यायाचे प्रकरण मला ओढूनताणून लिहिलेले वाटते. लेखकांना तसे सांगितले आहे. त्यांनी ते तसेच ठेवले, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

वाचकांना एकच विनंती. हे पुस्तक उघडण्याआधी मार्ककृत शुभवर्तमान वाचा. चारही शुभवर्तमानांत ते लहान आहे, सोळा अध्याय, एका बैठकीत दोन तासांच्या आत होते. वाचताना समासात दोन खुणा करा: ‘आमच्यातही आहे’ असे जिथे वाटेल तिथे एक, आणि ‘हे काही पटत नाही’ असे वाटेल तिथे दुसरी. मग या पुस्तकाकडे या, आणि दुसऱ्या खुणांपासून सुरुवात करा.

सुभानपुरा, वडोदरा